सर्दीनंतर कानांस बसणारे दडे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात घोडेगाव येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस काहीतरी उपयुक्त बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्या मनात पहिला विचार आला तो असा की, सेवानिवृत्त शिक्षक उभा राहिला म्हणजे तो शिस्तीवर किंवा शिक्षणाच्या महत्त्वावर बोलणार, अशी आपण मनाची तयारी करून आला असाल. त्या विषयांवर आपण दरवर्षी ऐकत आला आहात. आज आम्ही ऐकण्याच्या साधनाविषयीच चार शब्द बोलणार आहोत. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. केवळ मॅट्रिक झालेले एक शाळामास्तर. परंतु हा विषय आम्ही स्वतःच्या कानांवर शिकलो, आणि त्यातून आमच्या नोकरीतील एका जुन्या अपराधाचा उलगडा झाला. तो अपराधही आज सांगून टाकणार आहोत.

गेल्या मार्गशीर्षात आम्हांस सर्दी झाली. सर्दीचे आपल्याकडे कोणी कौतुक करीत नाही. आम्हीही केले नाही. त्याच स्थितीत नात्यातील एका लग्नासाठी जुन्नरवरून माळशेज घाटाने कल्याणला जाण्यास निघालो. घाटमाथ्यावर बाटलीतील पाणी पिऊन संपविले, बूच घट्ट लावले आणि बाटली पिशवीत टाकली. एस. टी. घाट उतरू लागली तसा आधी उजवा आणि मग डावा कान मिटला. कानांस दडे बसले. वाहकाचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येऊ लागला, आणि स्वतःचा खोकला मात्र डोक्यात नगारा वाजावा तसा. कल्याणला उतरून पिशवी उघडली तर रिकाम्या बाटलीच्या दोन्ही बाजू आत गेलेल्या. जणू कोणी मुठीत धरून आवळली असावी. त्या वेळी आम्ही तिच्याकडे नवलाने पाहिले आणि फेकून दिली. वस्तुतः त्या बाटलीत आमच्या कानाचे सारे दुखणे लिहिलेले होते.

लग्नघरी आमची जी फजिती झाली तिचे वर्णन लांबवीत नाही. मुलाच्या चुलत्यांनी "जेवलात का?" म्हणून विचारले आणि आम्ही "उद्या सकाळच्या गाडीने" असे उत्तर दिले. दोघांतिघांस आम्ही उत्तरच दिले नाही. मास्तर निवृत्तिवेतन घेऊ लागल्यापासून ताठले, अशी कुजबूज झाल्याचे पुढे समजले. अर्थात् कुजबूज आम्हांस त्या वेळी ऐकू येणे शक्यच नव्हते. उपाय सुचविणाऱ्यांची मात्र वाण नव्हती. कोणी लसूण घालून कढविलेले तेल आणले, कोणी ओव्याची पुरचुंडी शेकून दिली, कोणी वडिलोपार्जित चांदीची कानकोरणी काढली, आणि एका वहिनींनी तर अंबाड्यातला आकडाच पुढे केला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे म्हणतात. आम्हांस धड ऐकू येत नसल्याने आम्ही वाचलो.

परत आल्यावर मंचरच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळीच्या दिव्याने दोन्ही कान पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, बाहेरच्या वाटेत काहीच नाही. मळदेखील नाही. तुमचे कान बाहेरून नव्हे, आतून बंद आहेत." हे वाक्य ऐकून आम्ही चमकलो. कान म्हणजे बाहेरून दिसणारे भोक आणि त्यात अडकलेले काहीतरी, एवढीच साठ वर्षे आमची समजूत होती. आपल्यापैकी पुष्कळांचीही तीच असेल, म्हणून डॉक्टरांनी सांगितले ते आमच्या भाषेत सांगतो.

कानाच्या भोकाच्या शेवटी एक पातळ पडदा ताणून बसविलेला आहे. पडद्यापलीकडे लहानशी कोठडी आहे, आणि तिच्यात हातोडी, ऐरण व रिकीब या आकारांची तीन इवलीशी हाडे एकमेकांस जोडलेली आहेत. आवाजाने पडदा थरथरतो, ती थरथर हाडांवरून आतल्या कानाकडे जाते. पडदा मोकळेपणी थरथरावा यासाठी त्याच्या दोन्ही अंगांस हवेचा दाब सारखा असावा लागतो. बाहेर तर मोकळी हवा आहेच. आतल्या कोठडीस हवा कोठून मिळणार? त्यासाठी निसर्गाने मागील दार ठेविले आहे. नाकाच्या पाठीमागून, घशाच्या वरच्या भागातून, एक नळी या कोठडीपर्यंत जाते. मोठ्या माणसात ती दीड इंचाहून किंचित कमी लांबीची असते. हे दार एरवी मिटलेले असते. आपण आवंढा गिळला किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते, हवेची देवघेव होते आणि पुन्हा मिटते. दिवसभरात आपण शेकडो वेळा गिळतो, त्यामुळे हे काम आपल्या नकळत चाललेले असते.

सर्दी झाली की नाकाचे अस्तर सुजते. हेच अस्तर त्या नळीतही असल्याने तीही सुजते आणि दार उघडेनासे होते. कोठडीतील हवा भोवतालच्या त्वचेत हळूहळू शोषली जाते, नवी येत नाही, आतला दाब कमी होतो आणि पडदा आत ओढला जातो. ओढलेला पडदा नीट थरथरत नाही; म्हणून दडा. असेच काही दिवस राहिले तर कोठडीत पाण्यासारखा किंवा चिकट द्रव झिरपून साठतो. घाटात आमची वेगाने दुर्दशा झाली याचेही कारण हेच. माथ्यावर हवा विरळ, खाली दाट. चढताना आतली जादा हवा आपण होऊन दार लोटून बाहेर पडते. उतरताना मात्र ते दार गिळण्याने उघडावे लागते, आणि आमचे तर सुजून बसलेले. बाहेरच्या दाट हवेने बाटलीच्या बाजू जशा आत लोटल्या, तसाच आमच्या कानांचा पडदा आत लोटला होता. भीमाशंकरहून घोडेगावी उतरतानाही सर्दी झालेल्या माणसास थोडाफार हाच अनुभव येईल, आणि विमानाने परदेशी मुलांकडे जाणाऱ्या मंडळींस तर याहून अधिक.

या नळीस सोळाव्या शतकातील इटलीचे शारीरशास्त्रज्ञ युस्ताकी यांचे नाव मिळाले आहे. परंतु कान आणि नाक यांचा संबंध आपल्या पूर्वजांसही जाणवला होता, असे दिसते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांपैकी प्रतिनाह नावाच्या रोगात कानातील मळ पातळ होऊन नाकातोंडाशी उतरतो असे म्हटले आहे. आणि दुर्लक्षिलेल्या सर्दीच्या परिणामांत बहिरेपणाची गणना केली आहे. सर्दी अंगावर काढण्यास आपण शौर्य समजतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता उपाय. दुखणे पडद्याच्या पलीकडे आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे तेल, आकडा, काडी, किल्ली या सर्वांचा निरुपयोग आपोआप कळतो. बाहेरून घातलेला थेंब धड पडद्यापलीकडे जात नाही. जर गेला, तर पडद्यास भोक आहे असे समजावे, आणि मग ते तेल आत जाऊन अधिकच अनर्थ करील. कढविलेल्या तेलाने कातडी भाजते. कानकोरणीने मळ बाहेर येण्याऐवजी आत ठासला जातो. कापूस गुंडाळलेल्या ज्या काड्या हल्ली घरोघरी असतात, त्यांचीही तीच गत. कानाचा मळ ही घाण नसून त्वचेचे रक्षण करणारे मेण आहे, आणि बहुधा ते आपण होऊन बाहेर येते, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींस फार आश्चर्य वाटले. आमच्या घरची कानकोरणी आता देव्हाऱ्यातील समई साफ करण्यास लागली आहे.

करावयाचे ते नाकाचे. कोमट पाणी, चहा, कढण वारंवार घोट घोट प्यावे. गिळण्याने नळी उघडते. काहीतरी चघळावे, जांभई आली तर दाबू नये. मिठाच्या पाण्याचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, ते नाकात घालावेत. नाक शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी, आणि तीही हळू. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरले तर नाकातील घाण त्या मागील दाराने कानात जाते. वाफ घेण्यास हरकत नाही, पण मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नये. पातेले कलंडून पोरे भाजतात. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, गाल न फुगविता श्वास हलकेच कानांकडे लोटण्याची एक युक्ती आहे. तिला अठराव्या शतकाच्या आरंभी ती वर्णिणाऱ्या वालसाल्वा यांचे नाव आहे. ती सर्दी ओसरल्यावर, हळू आणि थोडी करावी; नाक भरून वाहत असता किंवा कान ठणकत असता मुळीच करू नये.

येथे आमची एक चूक कबूल करतो. नाक मोकळे करणारे थेंब डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी दिले होते. पहिल्याच दिवशी असा काही आराम पडला की आम्ही ते बारा दिवस चालविले. परिणाम असा झाला की, थेंब उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदू लागले. हे थेंब फार दिवस घातले तर नाकास त्यांची चटक लागते आणि सूज उलट वाढते. मास्तरांनी सूचना नीट वाचल्या नाहीत, म्हणून डॉक्टरांनी आमचेच कान उपटले. अठराव्या दिवशी, पहाटे अंगणात उभे असता, उजव्या कानात टिच् असा आवाज झाला आणि एकाएकी घोडनदीच्या अंगाकडून पाखरांचा कलकलाट ऐकू आला. डावा कान दोन दिवसांनी सुटला. बहुतेकांचे दडे एकदोन आठवड्यांत असेच सुटतात.

परंतु 'बहुतेकांचे' या शब्दाकडे लक्ष द्यावे. आमच्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांचा डावा कान सर्दीनंतर असाच एका सकाळी मिटला. सर्दीचेच असेल, सुटेल, म्हणून ते महिनाभर थांबले. तो दडा नव्हता. आतल्या कानाची शिरच अकस्मात् बधिर झाली होती. असा एकाएकी आलेला बहिरेपणा हे तातडीचे दुखणे आहे. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झाले तर ऐकू येण्याची आशा असते, आठवडे लोटल्यावर ती फारशी उरत नाही. त्यांचा तो कान कायमचा गेला.

या दोहोंतील भेद समजण्यास डॉक्टर नादकाटा कपाळावर टेकवतात. त्याचीच एक घरगुती आवृत्ती आपण आत्ता येथेच करून पाहू. सर्वांनी एका कानाच्या तोंडाशी बोट दाबावे आणि तोंड मिटून हम् असा सूर धरावा. सूर बोट दाबलेल्या कानात मोठा ऐकू आला ना? सर्दीने किंवा मळाने कान बंद असेल तर असेच होते. गुणगुणणे बंद कानाकडे जाते. उलट, शीर बधिर झाली असेल तर सूर चांगल्या कानाकडे जातो. तसे आढळल्यास त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. ही केवळ खूणगाठ आहे, निदान नव्हे. शंका असेल तेव्हा खुणेची वाट पाहू नये. कान ठणकणे, पू किंवा रक्त येणे, घेरी येणे, ताप उतरून पुन्हा चढणे, आणि मोठ्या माणसाचा एकच कान कित्येक आठवडे बंद राहणे, ही सर्व डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत.

आता त्या अपराधाकडे येतो. आमच्या नोकरीची पहिली काही वर्षे डिंभ्याच्या पलीकडे, भीमाशंकरच्या बाजूच्या एका वाडीवर गेली. तिकडे पाऊस चार महिने अंगावरून उतरत नाही. घरात चूल, चुलीचा धूर, धुरात मुले. शेंबूड वाहणे हा बालपणाचा भागच समजला जाई. लहान मुलाची ती नळी मोठ्या माणसाच्या सुमारे निम्म्या लांबीची आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दी फार लवकर कानात शिरते आणि द्रव साठून राहतो. हे आज समजते. त्या वेळी आम्हांस एवढेच दिसे की, तिसरीतला एक मुलगा मागच्या ओळीत बसतो, पाढे म्हणताना केवळ ओठ हलवितो, प्रश्न विचारला तर शेजाऱ्याकडे पाहतो, आणि सर्व मुले उभी राहिली की मग उभा राहतो. आम्ही त्यास मठ्ठ म्हटले. पुढे मठ्ठपणा वाटेना, उद्दामपणा वाटू लागला. कारण उन्हाळ्यात हाच मुलगा बरे ऐकत असे आणि श्रावण-भाद्रपदात ऐकत नसे. बळी तो कान पिळी. आम्ही त्याचा कान पिळला. एके दिवशी कानशिलात दिली. त्यानंतर त्याचा डावा कान वाहू लागला.

त्याचा दडा सर्दीचा होता आणि पावसाळ्याबरोबर येत-जात होता, एवढी साधी गोष्ट त्या वर्गात कोणी ओळखली असती तर त्यास पुढच्या ओळीत, आमच्या समोर बसविण्यापलीकडे काहीच करावे लागले नसते. अशा मुलांपैकी पुष्कळांच्या कानातील द्रव तीन महिन्यांत आपण होऊन निघून जातो. ज्यांचा जात नाही त्यांच्यासाठी पडद्यातून बारीक नळी बसविण्याची शस्त्रक्रिया आहे. त्याने पाचवीनंतर शाळा सोडली. आमच्यामुळेच सोडली असे कोणी म्हटले नाही, पण आम्ही तसे समजतो. दोन वर्षांपूर्वी घोडेगावच्या बाजारात तो भेटला. केस पिकू लागलेले. "गुरुजी" म्हणून वाकला, आम्ही विचारपूस केली, आणि बोलणे ऐकण्यासाठी त्याने मान वळवून उजवा कान आमच्याकडे केला. त्या वेळी आम्हांस त्याचा अर्थ कळला नाही. कल्याणच्या लग्नमंडपात, स्वतः मान वळवून लोकांकडे कान करीत असता, तो कळला.

मुलांस मारणे आता २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध आहे, ही समाधानाची गोष्ट. पण कानावर पडणारी चापट घरीही पडते, आणि तिने पडदा फाटू शकतो, हे आईबापांनी ऐकून ठेवावे. शाळेतील व अंगणवाडीतील मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यात कानही पाहतात. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. आणि ज्या एका गोष्टीसाठी हा विषय आम्ही ज्ञातीच्या सभेत काढला, ती ही: मुलीचा कान वाहतो हे सोयरिकीस बाधक होईल म्हणून लपविले जाते, कापसाचा बोळा घालून तिला पाहण्याच्या कार्यक्रमास बसविले जाते, हे आपण सर्व जाणतो. वाहणारा कान बरा होतो. पडद्यास भोक असेल तर ते बुजविताही येते. लपविलेला मात्र हाडापर्यंत सडतो, आणि क्वचित् जिवावर बेतते. वधूवर-सूचीत उंची, वर्ण, शिक्षण सर्व लिहिणाऱ्या आपल्या मंडळाने मुलीस आधी डॉक्टरांकडे नेण्यास सांगावे, अशी आमची चिटणिसांस जाहीर विनंती आहे.

आपल्या घरी पाहावयाचे असेल तर सोपे आहे. मुलाची सर्दी जाऊन पंधरवडा लोटल्यावर, ते खेळात रमले असता, त्याच्या पाठीमागे चार हातांवर उभे राहावे आणि त्यास आपले ओठ दिसू न देता हळू आवाजात त्याच्या आवडीची वस्तू सांगावी: लाडू, पतंग, चिंच. दोन निरनिराळ्या दिवशी त्याने वळून पाहिले नाही तर रागावू नये. घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे त्याचे कान दाखवावेत, आणि शाळेत जाऊन गुरुजींस त्यास पुढे बसवावयास सांगावे. गुरुजी रागावले तर आमचे नाव सांगावे.

अध्यक्ष महोदयांनी घंटा वाजविली आहे. ती आम्हांस दोन्ही कानांनी स्पष्ट ऐकू आली, तेव्हा खाली बसतो.